पुठ्ठ्याचं शहर, कापडाचं घर

मुंबईचा २०३४ पर्यंतचा विकास आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये मसुद्याच्या रूपात बाहेर आला, तेव्हा शहरभर एकच शोधाशोध सुरू झाली. आपली चाळ कुठे आहे? आपल्या मैदानावर कुठलं आरक्षण पडलंय? कुणाची वारसा यादीतली वास्तू नकाशावर नव्हतीच, तर कुणाच्या नांदत्या इमारतीवरून रस्ता आखला होता. गदारोळ इतका वाढला की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी मसुदा नव्याने तपासायला लावला. सुधारित आराखडा मंजूर व्हायला २०१८ साल उजाडलं.

या प्रकरणात चर्चा झाली ती चुकांची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्या शोधाशोधीतून आणखी एक गोष्ट दिसली. नकाशा हाती आल्यावर बहुतेकांनी त्यात फक्त स्वतःचं घर शोधलं. पिवळा म्हणजे निवासी, निळा म्हणजे व्यापारी, जांभळा म्हणजे औद्योगिक, अमुक इतका एफएसआय, तमुक मीटरचा रस्ता, या खुणांवरून वीस वर्षांनंतरची आपली गल्ली डोळ्यांपुढे उभी करणं हे शिकलेल्या माणसालाही जमत नाही. ते नगररचनाकाराचं शिक्षण आहे. कायद्याने लोकांना हरकती-सूचनांचा हक्क दिला खरा, पण सूचना कशाबद्दल करायची ते दिसतच नसेल तर लोकांच्या हाती हरकतीच उरतात.

यावर जगभर गेली पन्नासेक वर्षं एक उपाय करून पाहिला जातोय: नकाशा गुंडाळून ठेवायचा आणि लोकांना शहराचं मॉडेल हाताने बनवू द्यायचं. पुठ्ठा, बाटल्यांची बुचं, लेगोचे ठोकळे, माती, कापड, जे मिळेल त्याने. कल्पना ऐकताना गोड वाटते, आणि तिथेच सावध व्हायला हवं. यातून खरोखर काय हाती लागतं, आणि कुठे नुसताच खेळ होतो?

मॉडेल म्हणजे आपोआप लोकशाही, असं अजिबात नाही. उलट शहराच्या मॉडेलचा इतिहास बराचसा सत्तेचा इतिहास आहे. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात जनरल मोटर्सने ‘फ्युचरामा’ मांडलं. नॉर्मन बेल गेडिस या रचनाकाराने १९६० सालची अमेरिका छोट्या रूपात उभी केली होती: रुंद महामार्ग, त्यांवरून विनाअडथळा धावणाऱ्या मोटारी, उंच इमारती. प्रेक्षक सरकत्या खुर्च्यांत बसून वरून हे सगळं पाहत जात आणि बाहेर पडताना, आपण भविष्य पाहिलं अशा अर्थाचा बिल्ला छातीवर लावत. मोटार कंपनीने दाखवलेलं भविष्य मोटारींचंच असणार, हे सांगायला नको. लोकांच्या वाट्याला पाहणं आलं, हात लावणं नाही.

पुढे १९६४ च्या प्रदर्शनासाठी शहराच्या रस्तेबांधणीचे सूत्रधार रॉबर्ट मोझेस यांनी न्यूयॉर्कचं ‘पॅनोरामा’ करवून घेतलं. ९,३३५ चौरस फुटांचं हे मॉडेल आजही क्वीन्सच्या संग्रहालयात आहे. १९९२ पर्यंतची शहरातली इमारत न् इमारत त्यात आहे आणि बाराशे फूट तिथे एका फुटात मावतात. शंभराहून अधिक कारागीर तीन वर्षं त्यावर राबले. कारागिरी थक्क करणारी आहे. पण याच मोझेस यांच्या रस्त्यांपायी न्यूयॉर्कमधले मोहल्लेच्या मोहल्ले उठले. इतक्या उंचीवरून शहर पाहायची सवय लागली की माणसं दिसेनाशी होतात. आपल्याकडच्या बिल्डरच्या विक्री कार्यालयातलं काचेखालचं मॉडेल याच घराण्यातलं. झाडं हिरवीगार, तलाव निळाशार, आणि शेजारची झोपडपट्टी मॉडेलच्या कडेबाहेर.

म्हणून पहिली कसोटी अगदी साधी आहे: मॉडेल मोडता येतं का? जे चिकटवून, रंगवून, काचेखाली ठेवलंय ते पटवण्यासाठी केलेलं असतं. ज्याचे तुकडे कुणीही उचलून दुसरीकडे ठेवू शकतो त्याच्यावरच विचार होऊ शकतो.

ही गोष्ट ज्यांनी नीट हेरली त्यांत टोनी गिब्सन यांचं नाव आधी घ्यावं लागेल. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात त्यांनी ‘प्लॅनिंग फॉर रिअल’ नावाची पद्धत घडवली. ग्लासगोमधली डॅलमारनॉक ही कामगारवस्ती तिच्या सुरुवातीच्या प्रयोगांपैकी एक. वस्तीचं पुठ्ठ्याचं मॉडेल तिथल्याच लोकांनी, पुष्कळदा शाळेतल्या मुलांनी, बनवायचं. ते सुट्या भागांत असतं, त्यामुळे आज बाजाराच्या दिवशी चौकात तर उद्या शाळेच्या दारात मांडता येतं. लोक येतात, आधी आपलं घर शोधतात, मग शेजारचं, मग बोटं पुढे सरकू लागतात. बाजूला सूचनांची तयार कार्डं असतात: इथे दिवा हवा, इथे बाक, इथे रस्ता ओलांडायची सोय, इथे मुलांना खेळायला जागा. कार्ड उचलायचं आणि मॉडेलवर ठेवून द्यायचं.

पद्धतीतली खरी हुशारी इथे आहे. कार्ड कुणी ठेवलं ते कुणी विचारत नाही. आपल्या सभांमध्ये काय होतं ते आठवा: माइक हाती लागला की ठरलेली चार माणसं बोलतात, उरलेली ऐकतात, बायका मागच्या रांगेत बसतात. मॉडेलभोवती भाषण करायची सोयच नसते. जिला चारचौघांत तोंड उघडायचा संकोच वाटतो तीही येता-जाता एक कार्ड ठेवून जाते. एखाद्याला ते पटलं नाही तर काढून फेकायचं नाही, उलटं करायचं. उलट्या बाजूवर असहमती छापलेली असते. म्हणजे भांडण माणसांचं न होता जागेचं होतं. अधिकारी आणि तज्ज्ञ हजर असतात, पण विचारलं तरच बोलायचं, हा दंडक. शेवटी सगळी कार्डं तीन ढिगांत वाटायची: लगेच, थोड्या काळाने, पुढे कधीतरी. पैसा मर्यादित आहे हे भान तिथे आपोआप येतं. गेल्या अर्धशतकात या क्षेत्रात झालेल्या कामापैकी सर्वांत शहाणं काम मला हेच वाटतं, आणि त्यात दिखाऊ असं काहीही नाही.

अमेरिकेतल्या जेम्स रोहास यांची वाट वेगळी. ते लॉस एंजेलिसचे नगररचनाकार. पूर्व लॉस एंजेलिसच्या लॅटिनो वस्तीत वाढलेले. अंगणाचं कुंपण, ओसरी, फुटपाथवरचे फेरीवाले यांतून लोक रस्ता आपलासा कसा करतात, यावर त्यांनी एमआयटीत प्रबंध लिहिला. त्यांच्या कार्यशाळेत टेबलावर केसांचे रोलर, बटणं, मणी, प्लास्टिकची फुलं, बुचं असा सगळा भंगार माल ओतलेला असतो. नकाशा नाही, स्केल नाही. पहिलं काम: लहानपणीची आवडती जागा बांधा. मग प्रत्येकाने आपली जागा दाखवत तिची गोष्ट सांगायची. त्यानंतर गटाने मिळून मनाजोगतं शहर बांधायचं. जॉन कॅम्प यांच्यासह त्यांनी या पद्धतीवर २०२२ मध्ये पुस्तकही लिहिलं.

‘तुम्हाला काय हवं?’ असा थेट प्रश्न केला की लोक पार्किंग, सिग्नल, सीसीटीव्ही अशी तक्रार अर्जातली उत्तरं देतात. लहानपणच्या जागेवरून सुरुवात केली की झाड, पाणी, पायरी, आजीचं अंगण निघतं. या फरकात दम आहे. पण रोहास यांच्या शहराला जमिनीचा भाव नसतो, मालक नसतो, गटार नसतं. केसांचा रोलर बघता बघता टॉवर होतो, पण त्याला पाणी कुठून येणार हे विचारायला टेबलावर कुणी नाही. मनं मोकळी करायला ही पद्धत उत्तम. तिच्या जोरावर निर्णय घेता येतो, असं मात्र कुणी म्हणू नये.

मुलांबरोबरचे प्रयोग तर वेगळ्या लेखाचा विषय आहेत. डोरीन नेल्सन या शिक्षिकेने १९६० च्या दशकाअखेरीपासून लॉस एंजेलिसच्या शाळांतून मुलांना भविष्यातलं शहर बांधायला लावलं आणि त्या ओघात गणित-भूगोल-नागरिकशास्त्र शिकवलं. रिओ द जानेरोमधल्या पेरेरा दा सिल्वा या फावेलात, म्हणजे झोपडवस्तीत, पोरांनी कुणीही न सांगता टेकडीच्या उतारावर विटांचे तुकडे रंगवून आपल्याच वस्तीची प्रतिकृती रचायला घेतली. ती वाढत वाढत शेकडो चौरस मीटरची झाली आणि २००७ मध्ये ‘मोरिन्यो’ या नावाने व्हेनिसच्या बिएनाले या कलाप्रदर्शनात पोचली. आपल्याकडे दर दिवाळीत सोसायटी-सोसायटीत किल्ले होतात. तेही सामूहिक मॉडेलच. दगड रचताना, पोत्यावर माती थापताना, अळीव पेरताना पोरं वाद घालतात, तह करतात, आणि शिवरायांच्या गडाच्या पायथ्याशी बिनदिक्कत हेलिपॅड बांधतात. याच पोरांना आपला वॉर्ड बांधायला सांगून पाहायला हवं. मात्र त्याचा कुणी बक्षीस समारंभ करू नये.

कलाकारांनी ही कल्पना उचलली तेव्हा तिचा सोहळा झाला. ओलाफुर एलियासन यांनी २००५ मध्ये अल्बानियाची राजधानी तिरानाच्या चौकात तीन टन पांढरे लेगो ठोकळे मांडले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना भविष्यातलं शहर बांधायला सांगितलं. पुढे ओस्लो, कोपनहेगन, न्यूयॉर्क इथे असेच ठोकळे मांडले गेले. दशकांच्या हुकूमशाहीतून बाहेर पडलेल्या तिरानात चौकात बसून शहर रचण्याला राजकीय अर्थ होता. न्यूयॉर्कच्या हाय लाइन या बागेत ती बरीचशी सुट्टीतली करमणूक होती. माल तोच, पण जागा बदलली की वजन बदलतं.

आणि संगणक? संयुक्त राष्ट्रांच्या यूएन-हॅबिटॅटने २०१२ पासून ‘माइनक्राफ्ट’ हा खेळ वापरून सार्वजनिक जागा आखायचा उपक्रम चालवला. नैरोबीची किबेरा वस्ती, मुंबई आणि इतरत्र त्याचे प्रयोग झाले. तरुण पोरं लगेच रमतात. वयस्कांच्या हातात माउस अडखळतो. पण सर्वांत बोलका अनुभव हॅम्बुर्गचा आहे. २०१५-१६ मध्ये जर्मनीत निर्वासितांचा लोंढा आला. त्यांना शहरात कुठे वसवायचं, हा स्फोटक प्रश्न. ‘आमच्या गल्लीत नको’ हे उत्तर सगळीकडून ठरलेलं. हाफेनसिटी विद्यापीठाने एमआयटीच्या मदतीने एक टेबल बनवलं, लेगोच्या ठोकळ्यांचं आणि वरून पडणाऱ्या प्रकाशातल्या आकडेवारीचं. ठोकळा एका मोकळ्या भूखंडावर ठेवला की तिथे किती माणसं राहू शकतील आणि त्या जागेला कोणत्या अटी लागू आहेत ते तिथेच दिसे. सुमारे चारशे नागरिकांनी मिळून एकशेसाठच्या आसपास जागा सुचवल्या. प्रशासनाच्या तपासणीत त्यांतल्या ४४ टिकल्या, आणि शेवटी बांधकामासाठी निवडल्या गेल्या फक्त १०.

कुणी म्हणेल, एकशेसाठातल्या दहा म्हणजे फसलंच की! माझं मत उलट आहे. नाकारलेली प्रत्येक जागा कायद्याच्या कोणत्या अटीवर अडली, हे लोकांना कळलं. ‘नको’ म्हणायला आलेला माणूस टेबलाशी बसल्यावर ‘मग कुठे?’ या प्रश्नात अडकला. मुख्य म्हणजे शहर सरकारने टेबल मांडायच्या आधीच कबूल केलं होतं की सुचवलेली प्रत्येक जागा तपासली जाईल. मॉडेलच्या मागे असं वचन नसेल तर बाकी सगळी चर्चा व्यर्थ आहे. शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या पायऱ्यांवर लोकांची नुसती समजूत काढली जाते, वरच्या पायऱ्यांवर सत्ता खरोखर हातात येते. रंगीत ठोकळे दिले म्हणून कुणी शिडीवर एक पायरीही वर चढत नाही.

आता आपल्याकडे. या सगळ्या जागतिक आढाव्यात मुंबईच्या भायखळ्याचं नाव अग्रभागी असायला हवं, आणि ते मराठी वाचकालाच फारसं ठाऊक नाही.

१९८५ मध्ये ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क मान्य केला, पण फुटपाथवरच्या झोपड्या हटवायला मोकळीकही दिली. त्याच सुमारास ‘स्पार्क’ या नव्या संस्थेने फुटपाथवासीयांची गणना केली. भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांचं ‘महिला मिलन’ १९८६ मध्ये उभं राहिलं. जॉकिन अर्पुथम यांच्या झोपडपट्टीवासी महासंघाशी या दोघांची जोडी जमली. झोपड्या तुटणार हे दिसत असताना या बायकांनी विचार सुरू केला, उद्या घर मिळालंच तर ते कसं हवं?

त्यांच्याकडे आर्किटेक्ट नव्हता, पण साडी होती. लांबी-रुंदी साडीने आणि हातांनी मोजली. आधी चिंध्या-पुठ्ठ्याची छोटी घरं केली आणि मग थेट खऱ्या मापाचं घर उभं केलं, लाकडाच्या चौकटीचं, भिंतींच्या जागी कापड लावलेलं. लहान मॉडेलकडे वरून बघता येतं, या घराच्या आत जावं लागतं. आत गेलं की चूल कुठे, मोरी कुठे, दारात उभं राहिलं तर आतलं सगळं दिसतं का, रात्री किती जणांचं अंथरूण पडेल, हे अंगालाच कळतं. अशा चाचपणीतून १४ फूट उंचीची खोली आणि तिच्यात पोटमाळा ही मागणी पुढे आली. जमीन महाग, म्हणून जागा वरच्या दिशेने शोधायची, हे गणित फुटपाथवरच्या बाईला कुणी शिकवावं लागलं नाही. संडास घरात हवा की चार घरांत मिळून, यावर तर वाद रंगले, कारण पाणी कुठून भरायचं आणि साफ कुणी करायचं हे त्यांना पुरतं माहीत होतं.

मग या घरांची प्रदर्शनं भरली. बिल्डरांच्या गृहप्रदर्शनाचा साचा घेऊन त्याची सूत्रं झोपडपट्टीतल्या माणसांनी हातात घेतली, असं मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी याबद्दल लिहिलंय. अधिकारी येत, कापडाच्या घरात वाकून शिरत, आणि त्यांना घर दाखवणारी बाई फुटपाथवरची असे. सरकारी माणसाला माहिती देणारी ती आणि ऐकणारा तो, अशी बैठक एरवी कुठल्या कार्यालयात होते? भायखळ्याच्या बायकांना पुढे मानखुर्दला मिलन नगरमध्ये घरं मिळाली. खऱ्या मापाचं घर उभारायची ही रीत दक्षिण आफ्रिकेतल्या बेघर बायकांपर्यंत गेली आणि झोपडपट्टीवासीयांच्या आंतरराष्ट्रीय चळवळीत आज ती नेहमीची झाली आहे. पुण्यात १९९९ नंतर महापालिकेने वस्त्यांमध्ये चारशेहून अधिक सार्वजनिक स्वच्छतागृहं बांधायचा धडाका लावला, त्यात याच मंडळींचा मोठा वाटा होता. लहान मुलांसाठी वेगळी, छोट्या भांड्यांची बैठक आणि देखभाल करणाऱ्या कुटुंबाला तिथेच खोली या सोयी नकाशावर रेघा मारणाऱ्याला सुचत नाहीत. पहाटे पोराला घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला सुचतात.

उलट उदाहरणही महाराष्ट्रातलंच. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. सरळ रेषेत रस्ते, चौकोनी भूखंड, रांगेत घरं. नव्या गावांचा पसारा जुन्या गावठाणाच्या कितीतरी पट झाला. भीतीने ग्रासलेल्या लोकांना मोकळी, रुंद गल्ली तेव्हा हवीशी वाटली असणार, यात नवल नाही. पण वाड्याचा चौक, ओट्यावरची बैठक, भाऊबंदांची लागून घरं यांना चौकोनी आखणीत जागाच उरली नाही. घाईच्या काळात मॉडेल करत बसायला कुणाला वेळ आहे, असा सवाल येईल. उत्तर एवढंच की शेतात फक्की मारून दहा घरांची आखणी एका सकाळी होते.

गोव्याचा अनुभव या बाबतीत जरा वेगळा, आणि मॉडेलवाल्यांनी मुद्दाम लक्षात घ्यावा असा. २००६-०७ मध्ये प्रादेशिक आराखडा २०११ विरुद्ध तिथे लोक उठले आणि सरकारला तो मागे घ्यावा लागला. नंतर चार्ल्स कोरिया यांच्यासारखे वास्तुविशारद असलेल्या टास्क फोर्सने २०२१ चा आराखडा केला, त्यात गावपातळीचे नकाशे पंचायतींकडे गेले. गावच्या मापाचा नकाशा समोर आला तेव्हा लोकांनी डोंगरउतार, शेतजमीन, तळी बरोबर ओळखली. म्हणजे नकाशाही वाचता येतो, फक्त तो आपल्या पायांखालच्या जमिनीएवढा जवळचा हवा. पुढे त्या आराखड्याचं काय झालं, हा राजकारणाचा वेगळा अध्याय.

पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवली जातात. अर्ज भरायचा: बाक, फुटपाथ, दिवे. उपक्रम चांगला आहे, पण अर्जावर एकटा माणूस एकेक वस्तू मागतो. तेच काम प्रभागाचं मॉडेल भाजी मंडईत मांडून केलं तर बाक मागणाऱ्याला त्याच जागी हातगाडी लावणारा भेटेल. मंडई अशासाठी की कामाच्या दिवशी सभागृहात निवृत्त लोकच येतात. मॉडेल जिथे ठेवाल तिथल्याच माणसांचं शहर तयार होतं.

या सगळ्यातून निघणारा मुद्दा मला सर्वांत तातडीचा वाटतो तो पुनर्विकासाच्या संदर्भात. मुंबईच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत मिळणारं घर २२५ चौरस फुटांवरून २६९ आणि आता ३०० चौरस फुटांवर आलं. हा आकडा ऐकून संमतिपत्रावर सही होते. जुन्या सोसायट्यांमध्ये आकडे मोठे असतात, एवढाच फरक. सही करणाऱ्यापुढे येतं ते संगणकावरचं चकचकीत चित्र, आणि त्यात पलंग नेहमीपेक्षा लहान काढलेला असतो.

३०० चौरस फूट म्हणजे पंधरा गुणिले वीस. शाळेच्या मैदानावर फक्कीने ते आखायला अर्धा तास लागतो, बांबू आणि जुन्या चादरी लावल्या तर दुपारपर्यंत खोल्याही होतात. आत खरी गादी टाकायची, शिलाई मशीन ठेवायचं, सासऱ्यांची खाट, फ्रिज, गणपतीचं मखर. मग सज्जात कपडे वाळत घालून पाहायचे आणि मजल्यावरच्या आठ घरांची दारं एकाच वेळी उघडायची. जिन्याजवळ सायकली किती मावतात तेही मोजायचं. जे जमणार नाही त्याची मापांसह यादी करायची, त्यावर रहिवाशांच्या आणि विकासकाच्या सह्या घ्यायच्या आणि ती यादी संमतिपत्राला जोडायची. संमती त्यानंतर मागायची. यासाठी नवा कायदा लागत नाही, खर्चही मंडपवाल्याच्या एका दिवसाच्या बिलाएवढा. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाने मनावर घेतलं तर एका परिपत्रकाचं काम आहे.